‘ओव्हर’ ऐकलं आणि मी कॅमेरा बंद केला

पत्र :

बाई, नमस्कार. मी वाळपईची, वय ३४. चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पाचवीपासून इंग्रजीतून शिकले. पणजीच्या एका हॉटेलात ५ वर्षं फ्रंट ऑफिसला होते. मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सोडली. त्याला आता ६ वर्षं झाली. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, मुलगी पहिलीत जाते, म्हणून पुन्हा अर्ज करू लागले. गेल्या मंगळवारी कळंगुटच्या एका हॉटेलची मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. पलीकडच्या मॅडम अमेरिकेत बरीच वर्षं काम करून आलेल्या. मधली ६ वर्षं काय केलंत, असं त्यांनी विचारलं आणि माझं इंग्रजी अडकलं. एकच वाक्य तीनदा सुरू केलं, तिन्ही वेळा मध्येच तुटलं. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘इट्स ओके. लेट्स स्टार्ट ओव्हर.’ मला फक्त ‘ओव्हर’ ऐकू आलं. मुलाखत संपली असं समजून मी ‘थँक यू मॅडम’ म्हटलं आणि कॅमेरा बंद केला. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच ईमेल आला : रेंज गेली असावी, पुढच्या गुरुवारी परत बोलू, त्याआधी स्वतःबद्दल चार ओळी लिहून पाठवा. मी लिहिलंय, ‘आफ्टर सिक्स इयर्स आय वॉन्ट टु स्टार्ट ओव्हर माय करिअर.’ नवरा म्हणतो, ‘ओव्हर’ काढून टाक. बाई, स्टार्ट ओव्हरचा नेमका अर्थ काय? ते वाक्य पाठवू का? आणि खरंच मला आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार का?

उत्तर :

तुझ्या वयाच्या कितीतरी मुली माझ्या वर्गातून गेल्या, म्हणून तुला अगं-तुगं करते.

सगळ्यात आधी त्या मॅडम काय म्हणाल्या ते सांगते, कारण मंगळवारपासून तू ते वाक्य उलट्या अर्थाने मनात घोळवत बसली आहेस. त्या म्हणाल्या, ‘काही हरकत नाही, आपण पहिल्यापासून सुरू करू या.’ एवढंच. तू अडखळलीस, तो भाग त्यांनी बाजूला ठेवला आणि तुला पाटी कोरी करून दिली. मुलाखत घेणारं माणूस असं म्हणतं ते समोरच्याचं ऐकायची इच्छा असते तेव्हा. ज्याला नाकारायचं असतं त्याला ‘वी विल गेट बॅक टु यू’ म्हणून मोकळे होतात.

आता तुझी चूक कुठे झाली? खरं म्हणजे तू ‘ओव्हर’चा जो अर्थ घेतलास तो आपल्याकडे सगळेच घेतात. आपल्या कानावर हा शब्द पहिल्यांदा पडतो तो क्रिकेटमध्ये. सहा चेंडू पडले, अंपायर म्हणाला ‘ओव्हर’, म्हणजे संपलं. मोबाइलवर मुलं खेळतात, शेवटी पडद्यावर ‘गेम ओव्हर’ येतं, म्हणजे संपलं. पोलिसांच्या वायरलेसवर एकाचं बोलून झालं की ‘ओव्हर’. शाळेत आम्हीही ‘द क्लास इज ओव्हर’ म्हणत आलो. इतक्या ठिकाणी ‘संपलं’ म्हणून भेटलेला शब्द ऐन घाबरलेल्या क्षणी कानात शिरला, तर मन तोच अर्थ उचलणार.

पण नीट बघ. ‘संपलं’ हा अर्थ ‘ओव्हर’ला येतो तो बहुतेक वेळा इज, वॉज, विल बी अशा क्रियापदाच्या मागे आल्यावर. इट्स ओव्हर. द रेन वॉज ओव्हर बाय फोर. तिथे ‘ओव्हर’ एखाद्या गोष्टीची अवस्था सांगतं. स्टार्ट किंवा डू यांच्यासारख्या करण्याच्या क्रियापदाला ते चिकटलं, की त्यात ‘पुन्हा, परत एकवार’ हा अर्थ येऊ शकतो. डू इट ओव्हर म्हणजे हे परत कर. ओव्हर अँड ओव्हर म्हणजे पुन्हा पुन्हा. स्टार्ट ओव्हर त्याच घरातलं. मात्र हा नियम म्हणून पाठ करू नकोस, कारण फ्रंट ऑफिसला तू रोज वापरत होतीस ते ‘हँड ओव्हर’ आणि ‘टेक ओव्हर’ तिसऱ्याच अर्थाचे आहेत, तिथे पुन्हाही नाही आणि संपलंही नाही. इंग्रजीत क्रियापदाला असं शेपूट लागलं की दोघांचा मिळून नवा शब्द होतो आणि तो अख्खाच शिकावा लागतो. आपल्याकडे नाही का, ‘बसणे’ एक आणि ‘करून बसणे’ वेगळंच!

हा शब्दप्रयोग मुख्यतः अमेरिकी आहे. इंग्लंडचं माणूस याच जागी ‘स्टार्ट अगेन’ म्हणेल, ‘स्टार्ट अफ्रेश’ म्हणेल, फारच वैताग आला असेल तर ‘स्टार्ट ऑल ओव्हर अगेन’. आपण पाठ्यपुस्तकांतून शिकलो ते इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, म्हणून ‘स्टार्ट ओव्हर’ आपल्या कानाला उशिरा भेटतं. तू हॉटेलच्या धंद्यात आहेस, तुला ब्रिटिश पाहुणे भेटतील तसे अमेरिकनही भेटतील. ऐकायला दोन्ही येऊ देत, बोलायला ‘स्टार्ट अगेन’ पुरे. ते दोघांनाही कळतं.

आता तुझ्या वाक्याकडे येते. त्यात दोन गोष्टी आहेत. एक व्याकरणाची, ती लहान. दुसरी अर्थाची, आणि हे उत्तर मी मुख्यतः तिच्यासाठी लिहिते आहे.

व्याकरणाची अशी, की ‘स्टार्ट ओव्हर’ बहुतेक वेळा कर्माशिवायच येतं. वी हॅड टु स्टार्ट ओव्हर. शी स्टार्टेड ओव्हर इन अ न्यू सिटी. कर्म घालायचंच असेल तर अमेरिकेत ते मध्ये बसवतात : स्टार्ट द गेम ओव्हर, स्टार्ट इट ओव्हर. ‘स्टार्ट ओव्हर माय करिअर’ कानाला खटकतं. आणखी एक, ‘रिस्टार्ट ओव्हर’ किंवा ‘रिटर्न बॅक’ असं दुहेरी लिहू नकोस. आपल्याकडच्या अर्जांत हे फार दिसतं. ‘रि’मध्येच परत आलेलं असतं.

अर्थाची गोष्ट अशी. फोनवर अर्धी पाहिलेली मालिका दोन दिवसांनी उघडलीस तर बरेचदा दोन बटणं दिसतात, एक रिझ्यूम आणि दुसरं स्टार्ट ओव्हर. रिझ्यूम दाबलंस तर जिथे थांबली होतीस तिथून पुढे चालू. स्टार्ट ओव्हर दाबलंस तर पुन्हा पहिल्या दृश्यापासून, जणू तू काही पाहिलंच नव्हतंस. ऑनलाइन अर्ज भरतानाही कधी कधी खाली स्टार्ट ओव्हर लिहिलेलं असतं. चुकून बोट लागलं तर अर्धा तास भरलेलं सगळं पुसलं जातं.

म्हणजे ‘स्टार्ट ओव्हर’मध्ये पुसणं आहे. आधीचं धरायचं नाही, मोजायचं नाही. आपल्या मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, पुन्हा श्रीगणेशा करणे. पाटीवर मुळाक्षरांच्याही आधी जे गिरवतात तिथून. आणि ‘रिझ्यूम’ला आपला शब्द आहे पुनश्च हरिओम. लोकमान्य टिळक तुरुंगातून सुटून आले आणि ‘केसरी’त त्यांनी ‘पुनश्च हरिओम’ म्हटलं, तेव्हा ते नवं वर्तमानपत्र काढत नव्हते. खंड पडला होता, तो संपला, काम पुढे चालू. आपण हे दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण ते दोन आहेत. (तिसराही आहे, पहिले पाढे पंचावन्न. त्यात सुरुवात नसते, केलेलं फुकट गेल्याची निराशा असते. इंग्रजीत त्याला ‘बॅक टु स्क्वेअर वन’ म्हणतात. तो तर तुझ्या पत्रात कुठेच बसत नाही.)

मग तू त्या मॅडमना काय लिहिलंस? ‘माझी ५ वर्षं पुसून टाका, मला शिकाऊ समजा,’ असं. तुला तसं म्हणायचं होतं का? मला नाही वाटत.

खरोखरचं स्टार्ट ओव्हर कसं असतं ते आपल्याच गोव्यात बघ. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी तेच. तिथल्या कुटुंबांना वाडे आणि वालकिणीला वसवलं. पिकती भाटं (बागायती), माड, काजू, विहिरी, घरं सगळं सोडून नव्या जमिनीत नवा खड्डा खणून नवं झाड लावायचं, ते फळाला यायची वाट बघायची. त्या लोकांबद्दल ‘दे हॅड टु स्टार्ट ओव्हर’ म्हटलं तर शब्द पूर्ण वजनाने बसतो. आणि तरी बघ, उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं, गाव वर आलं, की तीच माणसं मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. ती जत्रा कुणी नव्याने सुरू करत नाही. पाणी चढतं तेव्हा थांबते, उतरतं तेव्हा पुढे चालू होते. एकाच गावात दोन्ही शब्द लागू आहेत, घरादाराला एक आणि देवाला दुसरा.

माझ्या वडिलांचं सांगते, कारण तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्याकडून मिळालं. ते पोर्तुगीज शिकलेले, सेगुंद ग्राव (पोर्तुगीज प्राथमिक शाळेची वरची परीक्षा) झालेले, सरकारी कचेरीत कारकून. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा मी चार वर्षांची. हळूहळू कचेरीतली कागदपत्रं इंग्रजीत होऊ लागली आणि छत्तिशी गाठलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात माझ्या थोरल्या भावाचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसू लागला. ए फॉर ॲपल. तोंडाने पुटपुटायचे, बोट अक्षराखाली. इंग्रजी ‘एच’चा उच्चार त्यांच्या तोंडात बसेना, कारण पोर्तुगिजांचा एच मुका. आई जवळ बसून आबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, गुंफत असायची आणि दर वेळी हळूच हसायची. वडीलही हसायचे आणि पुन्हा ओळ सुरू करायचे.

भाषेपुरता त्यांचा तो पुन्हा श्रीगणेशाच होता, शंभर टक्के. पण मोठी झाल्यावर एकदा मी म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला सगळं पहिल्यापासून करावं लागलं ना?’ तर म्हणाले, ‘सगळं कुठे? आकडे तेच होते. फाईल कुठे ठेवायची ते तेच होतं. दारात आलेल्या माणसाला आधी बसायला सांगायचं, तेही तेच.’ हे बोलताना त्यांच्या आवाजात मोठेपणा नव्हता. काय बदललं आणि काय नाही, याचा हिशेब त्यांनी मनात नीट मांडून ठेवला होता, एवढंच.

तूही तो हिशेब मांड. ६ वर्षांत तुझं काय काय कालबाह्य झालं? आरक्षणाचं सॉफ्टवेअर बदललं असेल, ते पहिल्यापासून शिकावं लागेल. तू सोडलंस तेव्हा यूपीआयने पैसे घेणं इतकं सरसकट नव्हतं, आता पाहुणा क्यूआर कोडच मागतो. हे तुझे स्टार्ट ओव्हरचे रकाने. आणि टिकलं काय? परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, हे तुला झोपेत विचारलं तरी सांगशील. रात्री दोन वाजता विमानतळावरून थकून आलेल्या, खोली तयार नाही म्हणून चिडलेल्या माणसाशी कुठल्या आवाजात बोलायचं. शिफ्ट सोडताना वहीत काय लिहून ठेवायचं. ते ५ वर्षांत अंगात मुरलंय. आणि मधल्या ६ वर्षांत तू अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं औषधपाणी, डॉक्टर, पथ्य, पाहुणे आणि तान्हं मूल सांभाळलंस. हॉटेलात याला कुणी नोकरीचा अनुभव म्हणणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी ती वर्षं रिकामी नव्हती, आणि त्यांच्याबद्दल बोलताना मान खाली घालायचं कारण नाही. तू अडकलीस ते तिथेच. इंग्रजी तुला पुरेसं येतं. तुझं पत्र वाचून मला वाटतं, त्या प्रश्नाला तू गुन्ह्याची कबुली दिल्यासारखं उत्तर द्यायला गेलीस.

आई वळेसर गुंफायची तेव्हा केळीच्या सोपटाचा धागा मध्येच तुटायचा. तुटला म्हणून तिने सगळी फुलं कधी उसवली नाहीत. नवं सोपट भिजवायची, जुन्याच्या टोकाला गाठ मारायची आणि पुढचं फूल लावायची. गाठ दिसायची का? उलटून बघितलं तर दिसायची. केसांत माळल्यावर नाही.

तर चार ओळी अशा लिही : ‘आय वर्क्ड इन द फ्रंट ऑफिस ऑफ अ हॉटेल इन पणजी फॉर फाइव्ह इयर्स. फॉर द लास्ट सिक्स इयर्स आय हॅव बीन ॲट होम, केअरिंग फॉर माय चाइल्ड अँड माय मदर-इन-लॉ. आय ॲम नाऊ रेडी टु रिटर्न टु फ्रंट ऑफिस वर्क. आय विल नीड अ फ्यू डेज टु लर्न युअर सिस्टम.’ पाच वर्षं पहिल्या वाक्यात आहेत, ती तिथेच राहू देत. खंड दुसऱ्या वाक्यात, सरळ, माफी न मागता. शेवटचं वाक्य काढावंसं वाटेल, काढू नकोस. जे खरंच नव्याने शिकायचंय ते आपण होऊन सांगणाऱ्या माणसावर वरिष्ठांचा भरवसा बसतो.

‘रिटर्न’च्या जागी ‘रिझ्यूम माय करिअर’ही चालेल. ‘रिजॉइन’ मात्र नको, ते जुन्याच हॉटेलात परत गेलीस तर. आणि बोलताना सांभाळ : क्रियापद असेल तेव्हा रिझ्यूम, आणि माहितीपत्रक म्हणायचं असेल तेव्हा रेझ्युमे. स्पेलिंग बहुधा सारखंच लिहितात, उच्चार वेगळे. मुलाखतीत हे दोन्ही शब्द येणारच आहेत. नवऱ्याने ‘ओव्हर’ काढायला सांगितलं, ते अर्धं बरोबर. नुसतं ‘स्टार्ट माय करिअर’ उरलं तर त्याचा अर्थ आजवर कधी नोकरीच केली नाही असा होईल. त्याला सांग, आणि रागावू नकोस, तो मदतच करत होता.

कॅमेरा का बंद झाला तेही त्यांना सांगावं असं माझं मत आहे. रेंज गेली असावी असं त्यांनी स्वतःच लिहिलंय, त्यावर गप्प राहणं सोपं आहे. पण गुरुवारी तुझ्या मनात ते सलत राहील आणि पुन्हा जीभ अडकेल. ईमेलच्या सुरुवातीला दोन वाक्यं घाल : ‘ऑन ट्यूसडे आय मिसअंडरस्टुड यू अँड थॉट द इंटरव्ह्यू वॉज ओव्हर. थँक यू फॉर कॉलिंग मी अगेन.’ इथे ‘वॉज ओव्हर’ बरोबर बसलंय बघ, संपलं या अर्थाने.

गुरुवारच्या आधी एक कर. संध्याकाळी नवऱ्याला समोर बसव आणि तो मधल्या सहा वर्षांचा प्रश्न त्याला विचारायला सांग. उत्तर देताना मुद्दाम मध्येच थांब. मग श्वास घे आणि त्याच्याकडे बघून म्हण, ‘सॉरी, कॅन आय स्टार्ट ओव्हर?’ हे दहा वेळा कर, शब्द तोंडात रुळेपर्यंत. मुलाखतीत पुन्हा अडखळलीस तर त्या मॅडमची वाट बघू नकोस, या वेळी तूच विचार. वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायला हा शब्द अगदी योग्य आहे, आणि समोरच्या मॅडम ‘शुअर’ म्हणतील.

ईमेल आज रात्रीच पाठव. गुरुवारी काय झालं ते मला कळव, आणि मराठीतच कळव.